दुरुस्त केलेला जॉइंट पुन्हा पुन्हा का सुटतो? सोल्डर निवडताना होणाऱ्या चुका आणि त्यांवरचे उपाय

ठिबकचा कंट्रोलर, मोटर स्टार्टरमधलं टाइमर कार्ड, घरचा इन्व्हर्टर, टीव्हीचा बॅकलाइट. वस्तू वेगवेगळ्या, पण परत आलेल्या कामातली तक्रार एकच असते: तिथेच सोल्डर मारलं होतं, दोन महिने चाललं, आता पुन्हा बंद. अशा वेळी बहुतेक जण बिट, म्हणजे सोल्डरिंग आयर्नचं टोक, गरम करतात, त्याच जागी आणखी थोडं सोल्डर घालतात आणि जॉइंट चकचकीत दिसला की काम झालं असं धरून चालतात. ते काम पुन्हा परत येतं, कारण खाली जे बिघडलंय त्याला हातच लागलेला नसतो.

नवं सोल्डर कोणतं वापरायचं हे ठरवण्याआधी बोर्डावर आधीपासून कोणतं सोल्डर आहे हे ओळखायला हवं. ही पायरी गाळली की महागातलं रीळही उपयोगाला येत नाही.

बोर्डावर काय आहे ते आधी ओळखा

युरोपात १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर निर्बंध आले आणि त्यानंतर जगभरातल्या कारखान्यांनी हळूहळू शिसेविरहित म्हणजे लेड-फ्री सोल्डर स्वीकारलं. त्यामुळे आज दुरुस्तीला येणाऱ्या ब्रँडेड वस्तूंचे बोर्ड बहुधा लेड-फ्री असतात. पण स्थानिक बनावटीची टाइमर कार्डं, स्टॅबिलायझर, जुने इन्व्हर्टर यांत अजूनही शिसं सापडतं. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या पॅनेलमध्ये तर एकाच कपाटात दोन्ही प्रकारचे बोर्ड शेजारी शेजारी असू शकतात.

बोर्डावर लहान वर्तुळात किंवा लंबवर्तुळात ई अक्षर आणि पुढे आकडा छापलेला असेल तर तो सोल्डरचा प्रकार सांगतो. ई१ म्हणजे कथील-चांदी-तांबं, ई२ म्हणजे कथील-तांब्यासारखे इतर कथीलप्रधान मिश्रधातू, ई६ म्हणजे त्यात बिस्मथ आहे. खूण नसेल तर रंगावर विसंबू नका. लेड-फ्री जॉइंट मंद, किंचित दाणेदार दिसतो आणि शिशाचा चकाकतो हे साधारण खरं आहे, पण जुना झालेला शिशाचा जॉइंटही मंद होतो आणि निकेल घातलेलं लेड-फ्री चांगलंच चमकतं.

खात्रीची परीक्षा तापमानाची आहे. ६३/३७ सोल्डर, म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं, १८३ अंश सेल्सिअसला वितळतं. कथील ९६.५, चांदी ३ आणि तांबं ०.५ टक्के असलेलं लेड-फ्री २१७ ते २२० अंशांना. कथील ९९.३ आणि तांबं ०.७ टक्के असलेलं २२७ अंशांना. तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग स्टेशन असेल तर ते २१० अंशांवर ठेवा, बिटवर सोल्डरचा अगदी पातळ थर राहील अशी ती पुसा आणि एखाद्या लहान जॉइंटवर तीन-चार सेकंद टेकवा. जॉइंट वितळला तर त्यात शिसं, किंवा क्वचित बिस्मथ, आहे. ढिम्म राहिला तर नेहमीचं लेड-फ्री. ग्राउंडच्या मोठ्या पॅडवर, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रुंद भागावर, ही परीक्षा घेऊ नका, तिथे उष्णता तांब्यात पसरते आणि शिशाचा जॉइंटही वितळत नाही.

स्टेशनवरचा आकडा आणि बिटचं खरं तापमान यांत फरक असतो. म्हणून आधी खात्रीची ६३/३७ वायर घ्या, स्टेशन १७० पासून ५-५ अंशांनी वाढवत न्या आणि वायर कोणत्या आकड्याला वितळते ते बघा. तो आकडा म्हणजे तुमच्या स्टेशनचे १८३. उरलेली बेरीज-वजाबाकी त्यावरून करा.

वरून टोपी, खाली जुनी भेग

आता मूळ दुखणं. जुना जॉइंट लेड-फ्री आहे आणि पिनभोवती गोल भेग गेलीय. २५ वॉटच्या साध्या आयर्नने वरून ६०/४० वायर लावली. ते सोल्डर १८३ ते १९० अंशांच्या दरम्यान वितळतं, पसरतं आणि छान गुळगुळीत टोपी तयार होते. पण खालचं जुनं सोल्डर २१७ अंशांपर्यंत पोहोचलेलंच नसतं. भेग जागच्या जागी राहते, वर पातळ पूल बांधला जातो. वीज त्या पुलावरून वाहते आणि वस्तू चालते. मग मोटरचा हादरा किंवा ऊन-थंडीचं आकुंचन-प्रसरण तो पूल तोडतं. निफाडकडे थंडीत पारा ४-५ अंशांवर उतरतो आणि उन्हाळ्यात तोच ४०च्या आसपास जातो. उघड्यावरच्या पेटीतल्या बोर्डाला ही ओढाताण दरवर्षी सोसावी लागते.

दोन्ही सोल्डर पूर्ण वितळून एकजीव झाली तर साध्या भोकातल्या जॉइंटला ते मिश्रण सहसा चालून जातं. बिघडतं ते अर्धवट मिसळल्यामुळे. म्हणून नियम असा ठेवा: जुनं सोल्डर काढल्याशिवाय नवं घालायचं नाही.

काढण्याची सोपी पद्धत म्हणजे लेड-फ्री जॉइंटवर आधी फ्लक्स (धातूवरचा ऑक्साइड काढून सोल्डर पसरू देणारा पदार्थ) लावून थोडं ६३/३७ घालायचं. बिट साडेतीनशे अंशांवर ठेवून सगळा जॉइंट पाण्यासारखा होईपर्यंत थांबायचं आणि सोल्डर ओढणाऱ्या पंपाने ओढायचं. हेच पुन्हा एकदा करायचं. दुसऱ्यांदा ओढल्यावर मूळ सोल्डर फारच थोडं उरतं. राहिलेला थर विकने, म्हणजे सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीने, साफ करा. मग भिंगाखाली पिन बघा. ती काळपट किंवा तपकिरी असेल तर ब्लेडच्या पाठीने हलकेच खरवडून तिला वेगळा कथिलाचा थर द्या. ऑक्साइड चढलेल्या पिनला कोणतंही सोल्डर धरत नाही, ते गोळा होऊन नुसतं बसून राहतं.

मग रीळ कोणतं?

रोजच्या दुरुस्तीसाठी आमचा स्पष्ट कौल ६३/३७ ला, राळेचा फ्लक्स आत असलेल्या वायरला. कारण तिचं वितळणं आणि गोठणं एकाच तापमानाला होतं. ६०/४० मध्ये १८३ ते १९० हा मऊ, लापशीसारखा टप्पा असतो आणि त्या क्षणी पिन हलली की जॉइंट आतून चिरतो. फरक सात अंशांचाच आहे, पण हातात वायर, चिमट्यात पार्ट आणि बोर्ड टेबलावर डुगडुगतोय अशा अवस्थेत तो जाणवतो. ६०/४० वाईट नाही. पार्ट घट्ट बसलेला असेल तर बिनधास्त वापरा.

४०/६० किंवा ३०/७० मात्र बोर्डावर नको. तिथे कथील कमी आणि शिसं जास्त असतं. ४०/६० पूर्ण वितळायला सुमारे २३८ अंश लागतात आणि ते गोठताना १८३ पर्यंत लापशीच राहतं. पत्र्याच्या, डब्याच्या कामाला ते ठीक आहे.

लेड-फ्री वायर कधी घ्यायची? कारखान्याच्या बोर्डावर तशी अट असेल तेव्हा, निर्यातीच्या मालात, आणि लहान मुलांच्या खेळण्यात किंवा खाण्यापिण्याशी संबंध येणाऱ्या वस्तूत. तिला बिट ३५० ते ३८० अंशांवर लागते, शिशाच्या वायरला ३२० ते ३५० पुरते. तापमान न ठरवता येणाऱ्या २५ वॉटच्या आयर्नने लेड-फ्री काम करायला गेलं की जॉइंट वितळायची वाट बघत बिट दहा-पंधरा सेकंद दाबून धरली जाते आणि पॅड उचकटतं. शिवाय कथील जास्त असल्यामुळे बिटवरचा लोखंडाचा मुलामा लवकर खाल्ला जातो. दोन प्रकारच्या कामाला दोन वेगळ्या बिट ठेवा.

जाडी हा दुर्लक्षित विषय आहे. दुकानात वायर गेजवर मागितली जाते. २२ गेज म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटर, १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर. जाडी पावणेदोनपट, पण तेवढ्याच लांबीत सोल्डर जवळपास तिप्पट. एसएमडी, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसणाऱ्या बारीक, रेझिस्टरवर १८ गेज टेकवली की गोळा होतो आणि शेजारच्या पॅडला जोडला जातो. उलट ट्रान्सफॉर्मरच्या जाड पिनेला अर्ध्या मिलिमीटरची वायर दिली तर हातभर वायर घालेपर्यंत सुरुवातीचा फ्लक्स जळून जातो. सर्वसाधारण कामाला २२ गेज, मोबाइल आणि बारीक आयसीला ०.५ मिलिमीटर, टर्मिनल आणि ट्रान्सफॉर्मरला १८ गेज. तिन्ही एकाच मिश्रणाच्या घ्या म्हणजे गोंधळ होत नाही.

रिळावर लिहिलेलं खरं आहे का, ते घरीच तपासा

एम. जी. रोडवर किंवा आणखी कुठेही सुटं, बिननावाचं रीळ स्वस्तात मिळालं की प्रश्न पडतो: ६०/४० लिहिलंय, पण ते कथील ६० की शिसं ६०? कथील महाग आणि शिसं स्वस्त, त्यामुळे शंका रास्त आहे. उत्तर घनतेतून मिळतं, कारण शिसं कथिलापेक्षा दीडपट जड आहे. लागतो तो फक्त ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला वजनकाटा.

दहा-बारा ग्रॅम वायर स्टीलच्या जुन्या चमच्यात पूर्ण वितळवा. तो चमचा पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचा नाही. फ्लक्स वर तरंगून येईल. न हलवता थंड होऊ द्या, मग गोळा काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून स्वच्छ करा. गोळ्यावर खड्डे किंवा बुडबुडे दिसले तर पुन्हा वितळवा, नाहीतर उत्तर चुकेल. आता त्याचं कोरडं वजन घ्या. नंतर काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा, गोळा बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काटा जे दाखवेल ते गोळ्याच्या आकारमानाएवढ्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्याने भागा.

६३/३७ असेल तर उत्तर ८.४ च्या आसपास येतं, ६०/४० ला ८.५. ४०/६० असेल तर ९.३ आणि ३०/७० असेल तर ९.७. लेड-फ्रीला ७.३ ते ७.४. म्हणजे बरोबर १० ग्रॅमचा गोळा घेतला तर पाण्यात काटा ६३/३७ साठी १.१९, ४०/६० साठी १.०८ आणि लेड-फ्रीसाठी १.३५ ते १.३७ दाखवेल. ६३/३७ आणि ६०/४० मधला फरक या काट्यावर भरवशाने कळणार नाही, पण शिसं ठासून भरलेलं रीळ लपत नाही.

काटा नसेल तर बिटवरून पॅडवर मोठा थेंब सोडा आणि तो गोठताना बघा. ६३/३७ क्षणात गोठतं आणि पृष्ठभाग आरशासारखा राहतो. शिसं जास्त असलेलं काही क्षण लिबलिबीत राहतं आणि मग वरून खरबरीत दिसतं.

बिस्मथचं सोल्डर आणि टीव्हीचा बॅकलाइट

हा भाग नीट वाचा, कारण इथे मेहनत करूनही काम परत येतं. कथील ४२ आणि बिस्मथ ५८ टक्के असलेली पेस्ट १३८ अंशांना वितळते. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवरचे एलईडी बदलताना ती फार सोयीची वाटते, कारण पट्टी उष्णता ओढून घेते आणि साध्या आयर्नने जास्त तापमान गाठता येत नाही. पण हे सोल्डर ठिसूळ असतं, हादऱ्याने तडकतं. त्याहून मोठा धोका असा की पॅडवर आधीचं शिसं उरलेलं असेल तर कथील, शिसं आणि बिस्मथ यांचं मिळून जे मिश्रण होतं त्याचा एक भाग सुमारे ९६ अंशांनाच वितळतो. बॅकलाइट पूर्ण उजेडावर तासन्‌तास चालला की एलईडीच्या बुडाशी तापमान त्या दिशेने चढतं. जॉइंट मऊ होतो, एलईडी सरकतो किंवा मिणमिणतो.

म्हणून बिस्मथची पेस्ट वापरायचीच असेल तर फक्त शिशाचा अंश नसलेल्या पॅडवर, आणि ज्या पार्टला उष्णता कमी आहे अशाच ठिकाणी. बॅकलाइटच्या पट्टीला खालून हॉट प्लेटने शंभर-सव्वाशे अंशांपर्यंत गरम करा आणि वरून ६३/३७ लावा. खालून आधार मिळाल्यावर साधं आयर्नही पुरतं.

चिप सहज निघावी म्हणून मिळणारा कमी तापमानाचा डिसोल्डरिंग अलॉय हाही बहुधा बिस्मथाचाच असतो. चिप काढल्यावर पॅडवर त्याचा कणही ठेवू नका. विकने दोनदा पुसा, नवं ६३/३७ लावून पुन्हा पुसा, मगच नवी चिप बसवा.

डब्यातली पेस्ट

गोल डबीतली पिवळट पेस्ट स्वस्त असते आणि सोल्डर झटकन धरते. ती इतकी झटकन धरते याचं कारण काही डब्यांमध्ये झिंक क्लोराइड किंवा अमोनियम क्लोराइड असतं. ते पत्र्यासाठी आणि नळासाठी. बोर्डावर राहिलं तर हवेतलं पाणी ओढून घेतं, तांब्यावर हिरवा थर चढतो आणि दोन ट्रॅकमध्ये (बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्यांमध्ये) विजेची गळती सुरू होते. उन्हाळ्यात दुरुस्त केलेलं कार्ड पहिल्या पावसात वेड्यासारखं वागू लागलं तर सोल्डर बघण्याआधी हा थर शोधा. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात हे विशेष लवकर दिसतं.

डबीची परीक्षा अशी. उघड्या तांब्याच्या बोर्डाचा तुकडा घासून चकचकीत करा, त्यावर पेस्टचा ठिपका आयर्नने वितळवा, शेजारी राळेच्या फ्लक्सचा दुसरा ठिपका वितळवा आणि दोन्ही ओल्या फडक्यासोबत झाकणाच्या डब्यात दोन-तीन दिवस ठेवा. हिरवट-निळसर कड आली ती डबी बोर्डाच्या कामातून बाद.

आधीच लावली गेली असेल तर नुसत्या अल्कोहोलने निघत नाही, कारण ही क्षारं पाण्यात विरघळतात. कोमट पाणी आणि मऊ ब्रशने धुवा, मग अल्कोहोलने पाणी ओढून काढा आणि बोर्ड पूर्ण वाळवा. उघडे रिले, ट्रान्सफॉर्मर आणि डिस्प्ले पाण्यात जाऊ देऊ नका. वायरच्या आतला राळेचा फ्लक्स साधारण दोन टक्के असतो आणि स्वच्छ पिनेला तो पुरतो. जुन्या पिनेला वेगळा राळेचा द्रव फ्लक्स घ्या.

द्राक्षबागेतल्या कंट्रोलरची आणखी एक गोष्ट. मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाचा तुषार, गंधकाची भुकटी हे सगळं पेटीत शिरतं. बोर्डावर निळसर पूड दिसली तर ती आधी धुवा, तिच्यावर सोल्डर मारू नका. गंधकामुळे रिलेच्या चांदीच्या संपर्कांवर काळा थर चढतो आणि व्हॉल्व्ह कधी उघडतो, कधी नाही. हा दोष ड्राय सोल्डरसारखाच, म्हणजे कच्च्या जॉइंटसारखाच, वागतो, पण रिले बदलल्याशिवाय जात नाही. सगळं साफ झाल्यावर अ‍ॅक्रिलिक कोटिंगचा एक हात द्या, मात्र फ्लक्सवर कोटिंग मारलं तर घाण आत कोंडली जाते.

नवा जॉइंट भरताना

बिट पिन आणि पॅड दोन्हींना एकदम टेकवा, एक-दोन सेकंदांनी वायर बिटला नव्हे तर समोरच्या बाजूने जॉइंटला लावा. सोल्डर पसरलं की आधी वायर काढा, मग बिट. जॉइंट आतल्या बाजूला वळलेला, उताराचा दिसायला हवा. दुहेरी बोर्डात भोकाची आतली भिंत तांब्याची असते, तिथे सोल्डर किमान तीन चतुर्थांश उंचीपर्यंत चढायला हवं. वरच्या बाजूने बघून खात्री करा.

स्टॅबिलायझर आणि टाइमरच्या तपकिरी एकेरी बोर्डात भोकाला ती भिंत नसते. सगळा भार पॅडवर येतो आणि पॅड कागदी थराला जेमतेम चिकटलेलं असतं. तिथे पिन थोडी वाकवून ट्रॅकवर झोपवा. पॅड आधीच सुटलं असेल तर ट्रॅकवरचा हिरवा रंग सेंटिमीटरभर खरवडा, पिनेला तांब्याची बारीक तार एक फेरा गुंडाळून ती ट्रॅकवर झोपवा आणि सगळ्या लांबीवर सोल्डर द्या.

जिथे सोल्डर बदलून भागत नाही

जड ट्रान्सफॉर्मर, उभा कॅपॅसिटर, हीटसिंकला बांधलेला ट्रान्झिस्टर यांचे जॉइंट हादऱ्याने चिरतात. स्टार्टरच्या पेटीत तर कॉन्टॅक्टर प्रत्येक वेळी दणका देतो. पार्टच्या बुडाशी न्यूट्रल क्युअर सिलिकॉन लावा किंवा पट्टीने आवळा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्यातून निघणारं आम्ल तांबं खातं. हीटसिंकचा स्क्रू आधी आवळा आणि मग पाय सोल्डर करा. उलट केलं तर स्क्रू आवळताना पायांवर कायमचा ताण राहतो.

दुसरं ठिकाण इन्व्हर्टरचं बॅटरी टर्मिनल. १२ व्होल्टवर ७०० वॉटचा भार म्हणजे जवळपास ६० अँपिअर. जॉइंटमध्ये पाच मिलिओहमचा अडथळा राहिला तरी तिथे १८ वॉट उष्णता तयार होते, म्हणजे लहान आयर्नच तिथे चालू ठेवल्यासारखं. सोल्डर आपोआप वितळतं. जास्त सोल्डर ओतल्याने हे थांबत नाही. केबलच्या टोकाला तांब्याची लग दाबयंत्राने क्रिंप करून (दाबून बसवून) ती नटाने आवळा. बोर्डावरचा जाड ट्रॅक तापत असेल तर त्यावर तांब्याची तार झोपवून मग सोल्डर भरा. प्रवाह तारेतून जायला हवा, सोल्डरचा विद्युतरोध तांब्याच्या जवळपास नऊपट असतो.

काम झालं की वस्तू भारावर अर्धा तास चालवा, बोर्ड गरम असतानाच लाकडी काडीने प्रत्येक नव्या जॉइंटजवळ हलकं टकटक करा. मेनशी जोडलेला बोर्ड असेल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावूनच, आणि एक हात मागे ठेवून. दिवा मिणमिणला किंवा रिले फडफडला तर जॉइंट अजून कच्चा आहे. गार झाल्यावर भिंगाखाली पुन्हा बघा.

धुराचा त्रास शिशाचा नसून मुख्यतः राळेचा असतो, कारण या तापमानाला शिशाची वाफ जवळपास होतच नाही. तरी पंख्याने धूर तोंडापासून दूर न्या. शिसं पोटात जातं ते हातावरून, म्हणून चहा किंवा तंबाखूला हात लावण्याआधी साबणाने धुवा. पंपातला चुरा घंटागाडीत टाकू नका, डब्यात साठवून ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राला द्या.